तालुक्याच्या गावात बसून परदेशातल्या धर्माची अन् मानवी हक्कांची बातमी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे बातमीदार आहेत, जिल्हा पेपरला काम करतात, पंचायत समिती, कापसाचे भाव, वाघ-बिबट्या सगळं लिहून झालं, आता बांगलादेश, पाकिस्तान, म्यानमार, तिबेट इथं धर्माच्या नावानं माणसांवर जे होतं त्यावर लिहायचं आहे. पण पासपोर्ट कोरा, इंग्रजी कामापुरतं, अन् संपादक म्हणते आधी गावची बातमी आण. हे इथून होतं का, अन् होत असेल तर कसं?

होतं भाऊ. मी पूर्व विदर्भात राहून बरीच वर्षं हेच करत आलोय, मधेमधे नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेत जाऊन आलो पण बहुतेक काम इथंच बसून झालं. सविस्तर सांगतो, कारण या विषयावर मराठीत फॉरवर्ड करणारे खूप अन् नीट लिहिणारे फार कमी आहेत, त्यामुळे कोणी करतो म्हटलं की मला मनापासून बरं वाटतं.

पहिले हे काहून करायचं ते सांगतो, म्हणजे संपादकाला काय सांगायचं तेही कळेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये बांगलादेशातल्या कुमिल्ला शहरात दुर्गापूजेच्या मंडपात मूर्तीजवळ कुराण ठेवलेलं दिसलं, व्हिडिओ फिरला, अन् तिथल्या कितीतरी जिल्ह्यांत हिंदूंची घरं, मंदिरं, मंडप फोडले, माणसं मेली. पोलिसांनी सीसीटीव्ही बघून जो माणूस पकडला तो मुस्लिमच होता, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग त्याच्या निषेधात त्रिपुरात मोर्चे निघाले, तिथं मशिदींवर अन् दुकानांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, त्यातल्या काही खऱ्या होत्या, काही फोटो भलतीकडचे होते, अन् त्याच्या निषेधात १२ नोव्हेंबरला आपल्या अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूचा बंद, पुन्हा तोडफोड-जाळपोळ, संचारबंदी, इंटरनेट बंद. कुमिल्ल्याहून अमरावतीला यायला त्या बातमीला एक महिना लागला. अन् येता येता दर टप्प्याला तिच्यातून कोण, कुठं, किती, कोणी केलं हे गळत गेलं अन् फक्त दोन धर्मांची नावं उरली. बांगलादेशातल्या ज्या कुटुंबाचं घर जळलं ते अमरावतीत कोणाच्याच लक्षात नव्हतं. म्हणून ही गावचीच बातमी आहे, अन् ती गावातल्या माणसानंच नीट लिहिली पाहिजे असं मला वाटतं.

आता सुरुवात कुठून. दिल्ली-ढाक्याहून नाही, जवळून करा. आपल्या विदर्भात परदेशातल्या धर्माच्या अन् हक्कांच्या गोष्टी घेऊन आलेली माणसं राहतात, आपण त्यांच्याकडून स्वेटर घेतो, मासे घेतो, पण विचारत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉरग्येलिंग नाव, १९७२ पासूनची. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं १९६० च्या दशकापासून वसवलेली आहेत, त्यांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत. नागपुरात जरीपटक्याला सिंधी समाज आहे, त्यात फाळणीच्या वेळचे आहेत तसे नंतर लाँग टर्म व्हिसावर पाकिस्तानातून आलेलेही आहेत. दीक्षाभूमीवर अन् कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्ध मंदिरात थायलंड, जपान, श्रीलंकेचे भिक्खू येत असतात. म्हणजे यवतमाळहून एसटीनं एका दिवसात पोचता येईल अशा अंतरावर कितीतरी देशांचे धागे आहेत.

पण या लोकांकडे माइक घेऊन जाऊ नका. पहिल्या भेटीत तर वहीसुद्धा काढू नका. मी मुलचेऱ्याकडे एका घरी बसलो होतो, आजीची बहीण बांगलादेशात, तिकडे गावात काहीतरी झालं होतं अन् फोन यायचे. मला बहिणीचा नंबर घ्यायचा मोह होता, कोणालाही होईल. पण मी नंबर मागितला नाही, आजींना म्हटलं तुम्हीच विचारा, पत्रकाराशी बोलायचं आहे का, कशाबद्दल बोलायचं, नाव द्यायचं का, अन् नाही म्हणाल्या तर विषय संपला. आठ-दहा दिवसांनी निरोप आला, बोलते पण गावाचं नाव नको. ती कॉपी गावाच्या नावाशिवाय गेली. अशा वेळी संपादक कुरकुरतो, त्याला सांगायचं की नाव मला माहीत आहे, मी तपासलंय, छापणार नाही.

आता खरा मुद्दा. धर्माची परदेशातली बातमी लिहिताना नवा माणूस सहसा धर्मावर लिहायला लागतो. अमुक धर्म असा, तमुक ग्रंथात असं. ते आपलं काम नाही. आपलं काम इतकं की कोणाचा कोणता हक्क मोडला, तो सांभाळायची जबाबदारी कोणाची होती, अन् त्यानं काय केलं किंवा काय केलं नाही. मी प्रत्येक प्रकरण सातबाऱ्यासारखं वाचतो, कोणाच्या नावावर काय आहे, बोजा कोणाचा, फेरफार कधी झाला अन् कोणाच्या सहीनं. तेवढं लिहिलं की धर्माला शिव्या न देताही सगळं उघडं पडतं.

हक्क कोणता हे ठरवायला कलम १८ पाठ करून ठेवा. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जो जाहीरनामा केला त्याच्या १८ व्या कलमात विचार, सदसद्विवेक अन् धर्माचं स्वातंत्र्य आहे, त्यात धर्म बदलायचं स्वातंत्र्यही स्पष्ट लिहिलंय. पुढे १९६६ चा नागरी अन् राजकीय हक्कांचा करार झाला, त्यातही कलम १८ च. त्यात दोन भाग आहेत. मनात काय मानायचं त्यावर सरकारला अजिबात हात लावता येत नाही, आणीबाणीतसुद्धा नाही. ते बाहेर पाळायचं, म्हणजे मिरवणूक, पोशाख, प्रार्थनास्थळ वगैरे, त्यावर बंधन येऊ शकतं, पण कायद्यानं अन् सार्वजनिक सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नैतिकता, दुसऱ्याचे मूलभूत हक्क एवढ्याच कारणासाठी, अन् गरजेपुरतंच. भारत या करारात १९७९ ला आला, पाकिस्ताननं २०१० ला मान्य केला, चीननं १९९८ ला सही केली पण अजून पक्का केला नाही, म्यानमार अन् सौदी त्यात नाहीतच. ही एक ओळ कॉपीत घातली की वाचकाला समजतं सरकारनं स्वतःचा शब्द मोडला की शब्दच दिला नव्हता. आपल्या भागात हे समजावणं अवघडही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे झालं ते ज्यांच्या घरात रोजच्या बोलण्यात आहे त्यांना धर्म बदलण्याचा हक्क म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

उदाहरण घ्या पाकिस्तानच्या ईशनिंदा कायद्याचं. आपल्याकडे लोक म्हणतात तो तिकडचा कायदा, संपलं. धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दलचं कलम २९५-अ इंग्रजांनी १९२७ मध्ये घातलं, ते दोन्ही देशांना वारशात मिळालं, आपल्याकडे आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ आहे. पाकिस्तानात जनरल झियांच्या काळात १९८२ ला कुराणाच्या अपमानाचं २९५-ब अन् १९८६ ला पैगंबरांच्या अपमानाचं २९५-क जोडलं, या २९५-क मध्ये फाशीपर्यंत शिक्षा. आसिया बीबी या ख्रिश्चन शेतमजूर बाईला पाण्याच्या भांड्यावरून झालेल्या भांडणानंतर या कलमात अडकवलं, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जानेवारी २०११ मध्ये अन् अल्पसंख्याक मंत्री शाहबाज भट्टी मार्चमध्ये मारले गेले, अन् ३१ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्याच सुप्रीम कोर्टानं तिला निर्दोष सोडलं. या गोष्टीत मारणारे, कायदा करणारे, तिच्यासाठी जीव देणारे, तिला सोडणारे न्यायाधीश, यातले बहुतेक मुस्लिमच आहेत. भट्टी स्वतः ख्रिश्चन होते, तासीर मुस्लिम. हे सगळं लिहिलं तर आपल्या वाचकाच्या डोक्यात एक देश उभा राहतो, नुसता एक धर्म नाही. अन् पाण्याला शिवण्यावरून भांडण म्हटलं की विदर्भातल्या खेड्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही, तो आतून हलतो.

सिंधमधल्या हिंदू मुलींच्या धर्मांतराच्या अन् लग्नाच्या बातम्या येतात तेव्हाही असंच. व्हॉट्सअॅपवर ते धर्माचं युद्ध होऊन येतं. बातमीदारानं पहिला प्रश्न विचारायचा, मुलीचं वय किती अन् कागद काय म्हणतो. सिंध प्रांताचा स्वतःचा २०१३ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, त्यात वय १८. म्हणजे पोरगी १८ च्या आतली असेल तर कोर्टानं, पोलिसानं त्यांचाच कायदा पाळला का, हा प्रश्न आहे. ती सज्ञान असेल तर तिला दबावाशिवाय, घरच्यांपासून अन् सासरच्यांपासून दोघांपासून लांब, बोलू दिलं का, हा प्रश्न आहे. अन् मुलगी अल्पवयीन असेल तर तिचा फोटो, नाव, गाव छापायचं नाही. भारतातल्या पोरीचं छापलं तर पॉक्सोत गुन्हा आहे, तिकडच्या पोरीची इज्जत काही कमी नाही. मला या एका गोष्टीचा फार संताप येतो, न्यायाच्या नावानं पोरीचा फोटो चार लाख फोनवर फिरवतात.

आता, खरंच धर्म आहे का हे तपासणं. नायजेरियाची बातमी येते, ख्रिश्चन शेतकऱ्यांची गावं मुस्लिम फुलानी गुराख्यांनी जाळली. खून खरे असतात, गावंच्या गावं उठून गेलीत, त्यात धर्माचा द्वेषही असतो अन् ते लपवायचं नाही. पण तिथं उत्तरेकडे चराई कमी होत गेली, गुरं दक्षिणेकडे सरकली, मधल्या पट्ट्यात पीक उभं असताना शिरली, बेन्यू राज्यानं २०१७ मध्ये उघड्यावर चारायलाच बंदी घातली. आपल्याकडे काठेवाडी येतात गुरं-मेंढ्या घेऊन, तुरीच्या वावरात शिरली की रात्री काय होते ते तुम्ही कव्हर केलं असेल. त्या बातमीत तुम्ही आधी कोणाचं वावर, कोणाची गुरं, पोलीस पाटील कुठं होता हे विचारता. तेच नायजेरियाला विचारा. धर्म कारण आहे, की निमित्त आहे, की दोन्ही, हे त्या प्रश्नांच्या उत्तरांतून बाहेर आलं पाहिजे, आपण आधीच ठरवून नाही.

याच्यावर थोडा जास्त वेळ घेतो, बांगलादेश २०२४ वर, कारण सध्या सगळ्यात जास्त खोटं अन् सगळ्यात जास्त खरं दुःख दोन्ही तिथं एकात एक मिसळलंय. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या, पोलीस ठाणी ओस पडली, अन् हिंदूंच्या घरांवर, मंदिरांवर हल्ले झाले. त्याच दिवसांत एक जळतं घर क्रिकेटपटू लिटन दासचं म्हणून आपल्या सगळ्यांच्या फोनवर आलं. ते घर नराइलमधलं मशरफी मोर्तझाचं होतं, तोही माजी कॅप्टन, पण मुस्लिम अन् हसीनांच्या अवामी लीग पक्षाचा खासदार. आता यावरून दोन टोळ्या तयार झाल्या, एक म्हणते सगळं खरं, दुसरी म्हणते बघा सगळं खोटं. दोघांनाही तपासायचं नव्हतं.

आकडे बघा कसे येतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेत सांगितलं की त्या वर्षी ८ डिसेंबरपर्यंत बांगलादेशात हिंदू अन् इतर अल्पसंख्याकांवर हिंसेच्या २,२०० घटना झाल्या. तिथल्या हिंदू-बौद्ध-ख्रिश्चन ऐक्य परिषदेनं स्वतःची यादी केली होती. त्या यादीतल्या हल्ल्याच्या अन् तोडफोडीच्या १,७६९ तक्रारी तपासून बांगलादेश पोलिसांनी जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं, त्यातल्या १,२३४ राजकीय, २० धार्मिक, अन् १६१ खोट्या. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा रिपोर्ट आला, जुलै-ऑगस्टच्या आंदोलनात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, बहुतेक सरकारी दलांच्या गोळ्यांनी, असं म्हणणारा. त्यात अल्पसंख्याकांवरच्या हल्ल्यांचीही नोंद आहे, हिंदू, अहमदिया पंथाचे मुस्लिम, चितगाव डोंगरातले आदिवासी, अन् कारणं मिसळलेली दिलीत, धर्माचा द्वेष, अवामी लीगवाल्यांचा सूड, जमिनीची जुनी भांडणं.

कच्चा बातमीदार यातला आपल्याला पटणारा एक आकडा उचलतो अन् हेडिंग करतो. तसं करू नका भाऊ. प्रत्येक आकड्याला विचारा, कोणी मोजला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, घटना म्हणजे काय धरलं, मोजणाऱ्याला काय दाखवायचं होतं. अन् पोलीस राजकीय म्हणतात तेव्हा पुढचा प्रश्न असतो, एखाद्या हिंदू माणसाचं दुकान अवामी लीगचा म्हणून फोडलं, त्याच गल्लीतल्या अवामी लीगच्या मुस्लिम माणसाचंही फोडलं का? फोडलं असेल तर राजकीय म्हणणं पटतं. त्याचं सोडलं अन् याचंच फोडलं तर नुसतं राजकीय म्हणून भागत नाही. अन् राजकीय असो की धार्मिक, ज्या घरात बाई-पोरं दार लावून रात्रभर बसली त्यांचं रक्षण करायची जबाबदारी सरकारचीच होती, कारण बदललं म्हणून ती हटत नाही. हा परिच्छेद तुमच्या कॉपीत आला तर तो कोणत्याही टीव्ही चॅनलपेक्षा मोलाचा आहे.

कागद कुठून आणायचे? माहितीचा अधिकार परदेशात चालत नाही पण संसदेची उत्तरं चालतात. परराष्ट्र मंत्रालयाला खासदार प्रश्न विचारतात, उत्तरं संसदेच्या साइटवर फुकट आहेत, तुमच्या भागाच्या खासदाराला प्रश्न विचारायला लावताही येतं. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाची साडेचार वर्षांनी वगैरे मानवी हक्कांवर सगळ्या देशांसमोर झडती होते, तिचे सगळे कागद उघडे असतात, अन् त्यात देश स्वतः काय कबूल करतो ते वाचायला मिळतं. धर्मस्वातंत्र्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा एक विशेष प्रतिवेदक, म्हणजे पाहणी करून अहवाल देणारा तज्ज्ञ असतो, हे पद १९८६ पासून आहे. पाकिस्तानच्या वकील अस्मा जहांगीर या पदावर होत्या तेव्हा २००८ मध्ये भारतात पाहणीला आल्या होत्या, स्वतःच्या देशात त्या अल्पसंख्याकांसाठी आयुष्यभर लढल्या, हे आपल्या वाचकांना कोणी सांगितलंच नाही. पाकिस्तानचा मानवी हक्क आयोग नावाची जी संस्था आहे ती सरकारी नाही, तिचे वार्षिक रिपोर्ट वाचा, बांगलादेशात आईन ओ सालिश केंद्र आहे. त्या त्या देशातली माणसं स्वतःच्या सरकारविरुद्ध जे लिहितात त्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो, कारण त्याची किंमत ते तिथंच राहून मोजतात. अमेरिकेचा आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोगही आहे, १९९८ च्या कायद्यानं झालेला. तो २०२० पासून भारताचं नाव काळजीच्या यादीत घाला म्हणतोय अन् भारत सरकार ते साफ नाकारतं. त्याचा पाकिस्तानवरचा रिपोर्ट उचलायचा अन् भारतावरचा लपवायचा, किंवा उलटं, असं केलं की वाचकाचा विश्वास गेला. वापरायचा तर अमेरिकी सरकारनं नेमलेला आयोग आहे हे लिहून वापरा.

अन् दुरून बसून काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर चीनमधला शिनजियांग प्रांत बघा. मेघा राजगोपालन या पत्रकाराला चीननं २०१८ मध्ये व्हिसा वाढवून दिला नाही. तिनं अन् तिच्या दोन साथीदारांनी बाहेर बसून पाहिलं की चीनच्या बायडू नकाशात काही चौकोन कोरे ठेवलेत, मग त्याच जागांचे दुसरीकडचे सॅटेलाइट फोटो काढले अन् तिथं उइगर मुस्लिमांना कोंडायच्या भिंती, टेहळणी मनोरे सापडत गेले. कझाकस्तानात निसटून आलेल्या लोकांच्या मुलाखतींशी ते जुळवलं. २०२१ चं पुलित्झर मिळालं. त्यांच्याजवळ आर्किटेक्ट अन् प्रोग्रॅमर होते हे खरं, पण पाया तोच, नकाशा अन् माणूस एकमेकांशी जुळवणं. तुम्हाला फोटो उलटा शोधता आला, गुगल लेन्स अन् यांडेक्स दोन्हीवर, व्हिडिओतल्या पाट्यांची लिपी ओळखता आली, सावलीवरून वेळ काढता आली तरी दहातले सहा-सात फॉरवर्ड तुम्ही तासाभरात बाद कराल. बंगाली पाटी असेल तर मुलचेऱ्याच्या कोणत्याही पोट्ट्याला पाठवा, तो दोन मिनिटांत सांगतो ही पश्चिम बंगालची आहे की बांगलादेशची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माणसांची सुरक्षितता. आपण इथं सुरक्षित आहोत. ज्यानं आपल्याला सांगितलं तो नाही. तिबेटी वसाहतीत मी ऐकलंय की कितीतरी लोक तिकडच्या सख्ख्या भावाला फोन करत नाहीत, कारण बाहेरच्या फोननंतर त्याची चौकशी होते. पंचेन लामा, म्हणजे तिबेटी बौद्धांतले दलाई लामांनंतरचे मोठे धर्मगुरू, त्यांचा पुनर्जन्म म्हणून ज्याला दलाई लामांनी ओळखलं तो गेधुन चोएकी न्यिमा मे १९९५ मध्ये सहा वर्षांचा असताना कुटुंबासकट उचलला गेला अन् त्यानंतर लोकांसमोर आलाच नाही. ज्या राज्यात हे होतं तिथल्या माणसाचं नाव आपल्या पेपरात, तेही ऑनलाइन, ट्रान्सलेट होऊन कुठंही जाऊ शकतं. म्हणून सिग्नल वापरा, मेसेज आपोआप पुसायची सेटिंग लावा, स्रोताचं खरं नाव फोनमध्ये सेव्ह करू नका, फोटोतून लोकेशन काढून टाका, अन् आवाजाची क्लिप कधीच पुढे पाठवू नका. एखाद्याने आज होकार दिला तरी छापायच्या आधी परत विचारा, मधल्या काळात परिस्थिती बदलते. अन् एकाच माणसाला पाच पत्रकारांनी त्याच्यावरचा अत्याचार पाच वेळा सांगायला लावायचा नाही. आधी कोणी नीट मुलाखत घेतली असेल तर श्रेय देऊन ती वापरा.

म्यानमारचं सांगतो, हे मला प्रत्येक नव्या बातमीदाराला सांगावंसं वाटतं. २०१७ मध्ये रोहिंग्यांवर लष्कर तुटून पडलं, सात लाखांहून जास्त लोक बांगलादेशात पळाले. रखाइन प्रांतातल्या इन दिन नावाच्या गावात १० रोहिंग्या पुरुषांना मारून पुरलं, हे शोधून काढलं वा लोन अन् क्याव सो ऊ या रॉयटर्सच्या दोन पत्रकारांनी. दोघंही बौद्ध. अन् त्यांना माहिती अन् फोटो दिले ते गावातल्या बौद्ध लोकांनीच, ज्यांना झालं ते सहन होत नव्हतं. दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, सोळा महिन्यांहून जास्त तुरुंगात राहून मे २०१९ मध्ये सुटले. ज्या सैनिकांना त्या खुनांसाठी दहा वर्षं झाली होती ते वर्ष पुरं व्हायच्या आत सोडले गेले. आपल्याकडे गावोगाव बुद्ध विहार आहेत, तिथं ही गोष्ट वाचून दाखवली पाहिजे इतकी ती मोठी आहे. अन् त्याच रखाइनमध्ये त्याच ऑगस्टमध्ये रोहिंग्यांच्या सशस्त्र गटानं खा माँग सेक भागात हिंदूंची कत्तल केली, अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेनं मे २०१८ मध्ये त्याचा रिपोर्ट दिला. पहिली गोष्ट लिहिणाऱ्यानं दुसरी टाळायची नाही, दुसरी लिहिणाऱ्यानं पहिली टाळायची नाही. एकानं दुसऱ्याची फिटंफाट होत नाही, मेलेली माणसं वेगळी होती.

जायचंच असेल तर नेपाळपासून सुरू करा, व्हिसा लागत नाही, गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौली. २०१५ च्या राज्यघटनेत नेपाळ धर्मनिरपेक्ष आहे, पण कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे अन् फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद. हा कायदा कोणावर वापरला जातो, चर्चच्या लोकांना काय वाटतं, त्यांच्यामुळे गाव तुटलं म्हणणाऱ्यांना काय वाटतं, दोन्हीकडे बसा. बांगलादेश, श्रीलंकेत पत्रकार म्हणून काम करायचं तर पत्रकाराचाच व्हिसा घ्या. टुरिस्ट व्हिसावर गेलात अन् अडकलात तर तुम्ही परत याल, तुमच्यासोबत फिरलेला दुभाषा तिथंच राहील. दुभाष्याचा धर्म, जात, पक्ष काय हे आधी समजून घ्या, कारण समोरचा माणूस त्याच्याकडे बघून बोलतो.

लिहिताना मोजपट्टी एकच ठेवा. फ्रान्सनं २००४ मध्ये शाळेत ठळक धर्मचिन्हं बंद केली, पगडीसाठी एका शीख विद्यार्थ्याला शाळेतून काढलं, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं २०१२ मध्ये म्हटलं हा हक्कभंग आहे. श्रीलंकेत २०२० मध्ये कोविडनं गेलेल्या मुस्लिमांना जबरदस्तीनं जाळलं, जागतिक आरोग्य संघटना दफन चालतं म्हणत असताना, अन् २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं माफी मागितली. अमेरिकेत सिअॅटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी आणली, कॅलिफोर्नियात तसंच विधेयक पास होऊन गव्हर्नरनं ऑक्टोबरमध्ये परत पाठवलं. पुण्या-नागपूरची आपली कितीतरी पोरं तिकडे नोकरीला आहेत, तीही परदेशातल्या हक्कांचीच बातमी आहे, अन् ती फोनवर होते. पीडित कधी हिंदू, कधी मुस्लिम, कधी बौद्ध, कधी ख्रिश्चन, करणारेही तसेच. तुमच्या वर्षभराच्या बातम्या काढून बघा, त्यात पीडित नेहमी एकाच धर्माचा दिसला तर तुमच्या वाचनातच खोट आहे.

हेडिंग स्वतः द्या, तीन पर्याय द्या. एका पेपरनं माझ्या जमिनीच्या वादाच्या कॉपीला धर्माचं हेडिंग लावलं होतं अन् आतली कॉपी कोणी वाचलीच नाही, फक्त हेडिंगचा फोटो फिरला. तेव्हापासून मी कॉपीसोबत लिहून देतो की हेडिंग बदललं तर माझं नाव काढा. हल्ला करणाऱ्याला त्याच्या गटाच्या, पक्षाच्या, हुद्द्याच्या नावानं लिहा, अख्ख्या समाजाच्या नावानं नाही. जळत्या देवळा-मशिदीचा फोटो पहिल्या पानावर नको, जिथं पोलीस पोचले नाहीत ते दार दाखवा. अन् आपल्याकडे न्याय संहितेचं गटागटांत वैर वाढवण्याबद्दलचं कलम १९६ अन् वर सांगितलेलं २९९ आहे हे विसरू नका, परदेशातल्या बातमीवरही इथं तक्रार होऊ शकते, म्हणून प्रत्येक वाक्याचा कागद जपून ठेवा, ऑनलाइन पान असेल तर वेबॅक मशीन या ऑनलाइन पानं जपून ठेवणाऱ्या साइटवर साठवून ठेवा.

पैसे या कामात कमीच आहेत, रविवारच्या पुरवणीपासून सुरुवात करा, तिथं जागा असते अन् घाई नसते.

पहिली बातमी कोणती असं विचारलं तर माझ्या मते गोठणगाव घ्या. चीननं २००७ मध्ये नियम केला की लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी लागेल, अन् जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी जाहीर केलं की परंपरा पुढे चालू राहील अन् ओळखायचा अधिकार त्यांच्याच संस्थेचा. पुढचा दलाई लामा कोण ठरवणार हा प्रश्न कलम १८ च्या बरोबर मधोमध बसतो, अन् त्यावर आपल्या गोंदिया जिल्ह्यात जन्मलेली तिसरी पिढी काय म्हणते हे मराठीत फारसं आलेलं नाही. फक्त थंडीत जाऊ नका, ऑक्टोबर ते जानेवारी बरीच घरं बंद असतात, लोक स्वेटर विकायला शहरांत गेलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोसार या तिबेटी नववर्षाच्या आसपास जा, तेव्हा सगळे परतलेले असतात. आधी वसाहतीच्या ऑफिसात जाऊन कशासाठी आलो ते सांगा, अन् त्या दिवशी कॅमेरा घरीच ठेवा.